रविवारचा डबा

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला गेलो तर पाय दाराबाहेर जातील एवढीच माझी खोली, तेव्हा उभ्याउभ्याच पोचला असं समज. दाजींना आणि मुलींना सांग, मी ठीक आहे. तू ठीक आहेस हे मला दर रविवारी दिसतंच, तरी रीत म्हणून विचारतो, कशी आहेस?

दर आठवड्याला भेटतो तर पत्र कशाला, असं म्हणशील. फोन आहे की, म्हणशील. पण ताई, फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, आवाज ऐकतेस. जीभ जड आहे का, घाईत बोलतोय का, मध्येच थांबला तर का थांबला. आणि समोर आलीस की डोळे बघतेस. कागदावर तुला तसलं काही तपासता येत नाही. अक्षर बघशील, पण ते शाळेपासूनच कोंबडीचे पाय, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

तर बातम्या. नोकरी चालू आहे. सकाळी काजबटणं आणि तुरपाई, दुपारनंतर इस्त्री. तू जन्मभर मला गुंड्या म्हणत आलीस, आता दिवसभर शर्टांना गुंड्याच लावतो, दुसरं काय होणार होतं माझं? टेलर मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे ते कमी बोलतात आणि बोलले की ऐकावं लागतं.

पुनर्वसन केंद्रातल्या छत्रीवाल्या बाई तुला आवडत नाहीत ते माहीत आहे. पगार घेऊन मैत्री करणारी बाई, असं तूच म्हणाली होतीस. मी तर तुझ्याही पुढे होतो. ऊन नाही, पाऊस नाही आणि हिच्या हातात छत्री, मला वाटायचं दांड्यात काहीतरी बसवलंय. पहिल्या दिवशी त्या माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत आल्या. मग नुसत्या कोपऱ्यापर्यंत, मग जिन्यापर्यंत. आता फक्त मंगळवारी येतात, स्टुलावर बसतात आणि विचारतात, आठवडा कसा गेला. मला संशय आला की हिला माझा कंटाळा आला. मग कळलं, कमी कमी येत जाणं हेच त्यांचं काम. गिऱ्हाईक तुटलं की दुकानदार खूश, असला धंदा मी दुसरा पाहिला नाही.

त्यांनीच मला वाचनालयात बुद्धिबळाला घातलं. माझा जोडीदार एक रिटायर्ड पोस्टमन. मी पाणी प्यायला उठलो की त्याचा घोडा चालतो. ही शंका मी बरेच दिवस पोटात ठेवली, कारण दुसऱ्या कुणाला शंका आली तर तो माणूस चाणाक्ष, मला आली तर माझ्या गोळ्या वाढतात. शेवटी एक दिवस ग्रंथपालबाईच काउंटरवरून म्हणाल्या, अहो काका, घोडा जागेवर ठेवा. ताई, मला इतका आनंद झाला की मी तो डाव हरलो. माझी एक तरी शंका खरी निघाली.

छत्रीबाईंनी शंकेसाठी एक पद्धत लावून दिलीय. शंका आली की तिला हाकलायचं नाही आणि डोक्यावरही बसवायचं नाही. दारात पाहुणा आल्यासारखं समजायचं. बस बाई, कुठून आलीस, तुला आणखी कुणी पाहिलंय का, एवढं विचारायचं. बहुतेक शंका पाणी पिऊन निघून जातात. एक मात्र हल्ली जात नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र आहे.

सोमवारी माझं काहीतरी बिघडतं. उठवत नाही. हात थरथरतात, दोरा सुईत जात नाही, मान मोडल्यासारखी पुढे पडते. मंगळवारीही थोडं राहतं, मग ओसरतं. गेल्या सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला काजं एकीकडे आणि बटणं भलतीकडे अशी लावली, की घातल्यावर तो माणूस एका बाजूला कललेला दिसायला लागला. त्याच्या आधीच्या सोमवारी इस्त्रीवर डुलकी लागली आणि कॉलर करपली. मास्तरांनी सुयांचा डबा माझ्यापुढून उचलून कपाटावर ठेवला. मग तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "पितोस का रे रविवारी?"

खरं सांगू, मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्यावर साध्या माणसासारखा संशय घेतला. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, आणखी एका सोमवारी असं झालं तर घरी बस, माझ्याकडे लग्नाचे कोट येतात.

आपलं ठरलेलं तुला आठवत असेलच. नोकरी आहे तोवर खोली आहे. नोकरी गेली की मी तुझ्या मागच्या खोलीत, खिडकीला जाळी असलेल्या. तिथे मला काही कमी नव्हतं, उगाच कशाला बोलू. पण तिथे मी कुठे जातो हे रोज सांगावं लागायचं. इथे मी संध्याकाळी उशिरा आलो तर कुणाला काही सांगावं लागत नाही. हे सुख तुला कळणार नाही, तुझ्याकडे ते पहिल्यापासून आहे.

म्हणून मी सोमवारच्या मागे लागलो. आधी संशय दुकानासमोरच्या चहावाल्यावर. त्याचा चहा बंद केला, सोमवार तसाच. मग मालकीणबाईंवर. खालच्या मजल्यावर राहतात, डोळ्यात तेल घालून जिना बघतात, माझ्या माठात कधीमधी पाणी भरून ठेवतात. का भरतात? मी माठ उपडा केला, नळाचं पाणी प्यायलो, सोमवार तसाच. मग गोळ्यांवर. औषधवाल्याने बदलल्या असतील म्हणून छत्रीबाईंना दाखवल्या, त्याच निघाल्या. मग शेवटी स्वतःवर संशय घेतला, की हा आजारच असेल, नव्याने येत असेल. त्याचीच सगळ्यात भीती वाटते, कारण त्याला साक्षीदार पुष्कळ मिळतील.

बाकी ठीक. रविवारी तुझ्या डब्यावर राजासारखा जेवतो आणि मेल्यासारखा झोपतो. तू मात्र माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीस, पोट भरलंय म्हणतेस. पुढच्या खेपेला निदान चहा तरी घे. कपबशी नवी आणलीय, दोन आणल्यात.

तुझा,
गुंड्या

~

ता. १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मुलींची परीक्षा कशी चाललीय? दाजींचा गुडघा? इकडे मोठी गडबड झालीय, पण चांगली बातमी आधी सांगतो. वाईट आधी सांगितली तर तू पुढचं न वाचताच चपला घालून निघशील.

काल सोमवार होता आणि माझे हात थरथरले नाहीत. अलार्मच्या आधी उठलो. पहिल्या झटक्यात दोरा सुईत. मास्तर बघत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एका कोटाची सगळी काजं केली, आणि माझ्या मते ती छापल्यासारखी आली. दुपारी मास्तरांनी कपाटावरून सुयांचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. बोलले नाहीत, तोंडात टाचण्या होत्या. मी तो डबा उगाचच दोनदा उघडून बघितला.

आता दुसरं. रविवारी तू येऊन गेल्यावर मी वाचनालयात गेलो होतो. त्यांचं वर्षाचं स्नेहसंमेलन होतं, जेवण होतं, मला कुणी बोलावलं नव्हतं असं नाही, पोस्टमनकाकांनी चारचौघांत हाताला धरून ताटावर बसवलं. पोटभर जेवून आलो. मालकीणबाई सर्दीने बेजार होत्या, स्वैपाक केला नव्हता. मी म्हटलं, माझ्याकडे जेवण आहे. त्यांनी आधी नको नको केलं, मग डबा पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, हाताला चव आहे हो.

सोमवारी सकाळी बिल्डिंगला पाणी आलं नाही. पंप त्या चालू करतात, गेली कित्येक वर्षं, आजारी असल्या तरी. लोक बादल्या घेऊन जिन्यात. मी तेव्हा दुकानात निघालो होतो, दार वाजवलं, वाटलं सर्दीने पडून असतील. संध्याकाळी आलो तर दाराशी गर्दी. ज्या बाईला जिन्यावर मांजर चढलेलं ऐकू येतं, ती खुर्चीतच दिवसभर निपचित पडलेली, हलवलं की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेचं किंवा तसलं काहीतरी पोटात गेलंय, नक्की काय ते सांगता येत नाही. आज सकाळी शुद्धीवर आहेत, धोका नाही. पण त्या वयाला काहीही होऊ शकलं असतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

दवाखान्यात त्यांचा मुलगा आला. आईला पहिला प्रश्न, काय खाल्लं होतंस. तिने माझ्याकडे बोट केलं. तो म्हणाला, "वेड्याच्या हातचं खाल्लंस?" मी तिथेच उभा होतो, ताई. स्टूल उभं असतं तसा. माझ्याशी तो बोललाच नाही, माझ्याबद्दल बोलत राहिला.

मग माझ्या खोलीवर छत्रीबाईंना बोलावलं. त्यांनी सगळ्यांसमोर माझी वारांच्या खणांची डबी उघडली. गेलेल्या वारांचे खण रिकामे, यायच्या वारांचे भरलेले, एक गोळी इकडची तिकडे नाही. मुलगा म्हणाला, दुसरीकडून आणल्या असतील, हे लोक लबाड असतात. छत्रीबाई शांतपणे म्हणाल्या, कुठले लोक? मग त्यांनी मला विचारलं, रविवारचं जेवण कुणी रांधलं होतं.

मी म्हणालो, मी.

तुला खरं काय ते माहीतच आहे. असं का म्हणालो ते पुन्हा कधीतरी.

येत्या रविवारी सकाळी मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमणार आहेत. मुलगा, बिल्डिंगमधले दोन म्हातारे, केंद्राच्या मुख्य बाई, आणि मी. मी काय घातलं ते कबूल करायचं आणि खोली सोडायची, नाहीतर तो पोलिसात तक्रार देणार. तक्रार झाली की मास्तर मला ठेवणार नाहीत, ते वाईट नाहीत पण त्यांनाही दुकान चालवायचंय. केंद्रातल्या आणखी दोघांना याच गल्लीत खोल्या मिळायच्या होत्या. त्यांना आता कोण देतंय.

एक सहज विचारतो. रविवारच्या भाजीत तू काही वेगळं घातलं होतंस का? मसाला वगैरे? फोन करू नकोस, पत्रानेच कळव. मालकीणबाईंना चव फार आवडली होती, म्हणून विचारतो.

तुझा,
गुंड्या

~

ता. २२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार शेवटी घालतो, उरला तर.

तुझं पत्र आज मिळालं. इतक्या लवकर तू कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतंस. मागची खोली झाडून ठेवलीस, गादी उन्हात टाकलीस, दाजी गाडी घेऊन येतील, मी कुणाशी वाद न घालता गप्प निघून यावं. सगळं लिहिलंस. भाजीचं नाही लिहिलंस.

आणि हे लिहिलंस: "मालकीणबाईंची काळजी करू नकोस, दोन दिवस सुस्ती राहील, जीभ जड राहील, मग आपोआप उतरेल, पाणी भरपूर पाजा."

त्यांची जीभ जड झाली होती, ताई. बोबडं बोलत होत्या. पण ते मी तुला लिहिलंच नव्हतं. डॉक्टरांना जे नक्की सांगता आलं नाही ते तुला घरबसल्या कसं कळलं?

मी पत्र खाली ठेवलं आणि शंकेला म्हटलं, बस बाई. कुठून आलीस? ती म्हणाली, तुझ्या घरून. कुणी पाहिलंय का? ती म्हणाली, मालकीणबाई बघ, झोपल्या. आणि तू बघ, जागा राहिलास. या वेळी ती पाणी पिऊन उठली नाही. मीच तिला आधी आत घेतलं नव्हतं. चहावाल्याला उभा केला, माठ उपडा केला, स्वतःवरही संशय घेतला, आणि डबा रोज समोर फळीवर होता. सोमवारच्या आधी रविवार येतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. मंगळवारी छत्रीबाईंनी विचारलं तेव्हा मात्र मला कळलेलं होतं, म्हणूनच मी खोटं बोललो.

मग आठवलं. जुन्या घरी साखरेच्या बरणीमागे छोटी बाटली असायची, ड्रॉपरवाली. मी एकदा विचारलं तर तू म्हणालीस, डोळ्यांत घालायचं औषध आहे. दाजींचे डोळे तेव्हा उत्तम होते.

मी तुला ओळखतो. तू काम उरकून ठेवणारी बाई. आठवड्याची भाजी रविवारी चिरून डब्यात भरून ठेवतेस. मी घरी होतो तेव्हा रोजचे थेंब रोज दिलेस. आता मी रोज हाताशी नाही, रविवारीच भेटतो, म्हणून आठवड्याचे थेंब एकदम घातलेस. असंच ना? यात तुला काही चूक दिसलीही नसेल. हिशेब बरोबर आहे. फक्त ते औषध होतं, ताई, भाजी नव्हती. आणि वरून माझ्या डबीतल्या गोळ्या होत्याच, ज्या मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडात, रोज टाकतो. तू मला रविवारी पहिला प्रश्न तोच विचारतेस, गोळ्या घेतोस ना? मी हो म्हणतो. तू बरं म्हणतेस. आणि डबा पुढे करतेस.

मला फार राग आलाय. असा राग आला की मी पूर्वी भांडी फोडायचो. आज फोडली नाहीत, भांडी माझी आहेत.

राग थेंबांचा नाही. ज्या हिवाळ्यात मी गोळ्या जिभेखाली धरून थुंकत होतो आणि अनवाणी मोठ्या रस्त्यावर सापडलो, त्या हिवाळ्यात तू काय करणार होतीस? तुझ्या पायांना मला शोधून शोधून फोड आले होते ते मी पाहिलेत. तेव्हा तू भ्यालीस आणि जे सुचलं ते केलंस. त्याला मी नाव ठेवत नाही, ठेवायला मला तोंडही नाही.

राग दुसऱ्याचा आहे. मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. दाजी हसले. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालीस, गुंड्या, तो आजार बोलतोय, जेव. आणि जेवणात काहीतरी होतं. आता मला सांग, मी त्या सगळ्या वर्षांत जे जे म्हणालो त्यातलं कुठलं आजाराचं आणि कुठलं खरं? भिंतीतले आवाज आजाराचे होते, ते मला आज कळतं. पण ताटापुढे बसून जी भीती वाटायची ती खरी होती, आणि तीच तू खोटी ठरवलीस. माणसाला एवढं तरी कळायला हवं ना, की आपलं डोकं कधी बरोबर चालत होतं.

हे सगळं आज दुपारी मी छत्रीबाईंना सांगितलं. रांधण्याबद्दल खोटं बोललो तेही सांगितलं. वाटलं, आता ह्या छत्री उचलतील आणि डॉक्टरांना फोन लावतील. त्यांनी तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण रविवारी त्या खोलीत बाकीच्यांचा बसेल असं मी खोटं सांगणार नाही. मग विचारलं, तुम्हाला काय करायचंय? मला हा प्रश्न आयुष्यात फार लोकांनी विचारलेला नाही. मी म्हटलं, आधी ताईला लिहितो. त्या म्हणाल्या, मालकीणबाईंच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आजच कळायला हवं, ते थांबणार नाही. तेही बरोबर होतं. म्हणून संध्याकाळी तुला त्यांचा फोन आला. तू त्यांना बाटलीचं नाव सांगितलंस हे कळलं. रडलीस हेही कळलं. मी चोरून काही केलेलं नाही, म्हणून तुला लिहून कळवतोय.

आता रविवारचं. मी त्या खोलीत उभा राहून म्हणालो, माझी बहीण माझ्या जेवणात औषध घालते, तर काय होईल ते तुलाही माहीत आहे. मुलगा इतरांकडे बघेल. म्हातारे मान हलवतील. केंद्राच्या मुख्य बाईसुद्धा मनातल्या मनात माझा डोस वाढवतील. तेच वाक्य तू म्हणालीस तर ते खरं ठरेल. शब्दसुद्धा बदलायला नकोत. माझ्या तोंडी आजार, तुझ्या तोंडी खरं. छत्रीबाई फोनबद्दल सांगू शकतील, पण मी त्यांना सांगितलंय की आधी ताईला बोलू द्या.

तुला लाज वाटेल. लोक बोलतील, तो मुलगा तर बोलेलच, आणि मालकीणबाईंची माफी तुला मागावी लागेल, हात जोडून. ते सोपं नाही. मी बाजूला उभा राहीन. तू माझ्यासाठी डॉक्टरांपुढे, शाळेपुढे, दाजींच्या आईपुढे किती वेळा उभी राहिलीस, ते मी विसरलेलो नाही.

नाही आलीस तर मी एकटा बोलेन. विश्वास बसो न बसो. रांधलं मी हे खोटं मी मागे घेणार आहे. तुला वाचवायला म्हणून मी ते बोललो, पण त्याने फक्त माझी खोली जाणार होती, आणि पुढच्या रविवारी डबा परत येणार होता.

मागच्या खोलीतली गादी आत घे. मी येणार नाही.

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून पोस्टमनकाका स्वतः आणून देणार आहेत. घोडा सोडून बाकी सगळं ते जागच्या जागी पोचवतात. त्यांना चहा दे.

आणि ताई, रविवारी लवकर ये, सगळे जमायच्या आधी. डबा आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये. मी रांधणार आहे, भात आणि बटाट्याची भाजी, तेवढंच मला धड येतं. माझ्या खोलीत तू आजवर घोटभर पाणी प्यायली नाहीस. मला वाटायचं तुला किळस येते. आता वाटतं, चोरून काही मिसळणाऱ्याला दुसऱ्याच्या हातचं खाताना भीती वाटत असणार. वाटली तर वाटू दे. एका पातेल्यातलं दोघं घेऊ, नव्या कपबश्यांतून चहा घेऊ, मग बरोबर खाली जाऊ.

तुझ्यासमोर पहिला घास मी खाऊन दाखवीन.

नमस्कार उरलाय. रविवारी वाकून करतो, दार उघडं ठेवून, पाय बाहेर गेले तर जाऊ देत.

तुझा, आणि पूर्ण जागा,
गुंड्या